एका पुडीला एक लिटर

शिक्षकाने आपल्या चुका चारचौघांत सांगू नयेत, असा एक समज आहे. मुलांवर वाईट परिणाम होतो म्हणतात. पण निवृत्त झाल्यावर एवढी सूट घ्यायला हरकत नसावी. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. ती शिकवण्यातली चूक होती. शाळा तपासायला आलेल्या कुणा साहेबांनी ती दाखवली नाही. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने दाखवली, आणि तीही नकळत.

१९९४ सालचा पावसाळा. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, वहाळ दुथडी भरलेले, आणि गावोगाव जुलाब-उलट्यांची साथ. आमच्याकडे ते दरवर्षीचंच. विहिरीत वरचं गढूळ पाणी उतरलं की आठ दिवसांत घराघरांतली पोरं आजारी. त्याच महिन्यात मी नववीला द्रावणांचा पाठ शिकवून संपवला होता. द्राव्य म्हणजे काय, द्रावक म्हणजे काय, द्रावणाची संहती कशाला म्हणतात, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि घटक चाचणीत बहुतेकांनी ते बिनचूक लिहिलं. या मुलीला दहापैकी नऊ गुण होते.

चाचणीनंतर ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. घरी दोन वर्षांचा धाकटा भाऊ होता, त्याला जुलाब लागले होते. आईवडील लावणीला गेलेले. नर्सबाई दुपारी येऊन जलसंजीवनीची पुडी देऊन गेल्या आणि ‘एक लिटर पाण्यात घाला’ असं जाता जाता सांगून गेल्या. आजीने गडू घेतला, त्यात पाणी घेतलं, आख्खी पुडी ओतली, ढवळली आणि पोराला चमच्याचमच्याने पाजायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत मूल जास्तच मलूल झालं. उलट्या वाढल्या, तहान भागेना. रात्री त्याला तालुक्याला नेलं, शिरेतून सलाइन लावलं, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी ते घरी आलं.

हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आजीने पुडी आख्खी घातलीन, सर. एक कणपण सांडला नाही. गडू मीच धरला होता. औषध तेवढंच होतं ना? मग बाधलं कसं?”

मी तिला संहतीची व्याख्या विचारली. तिने न अडखळता सांगितली. ठरावीक आकारमानाच्या द्रावणात किती द्राव्य विरघळलेलं आहे ते, वगैरे वगैरे. व्याख्या पाठ होती आणि गडू हातात होता. दोहोंची गाठ मात्र पडली नव्हती. ती पडावी असं माझ्या शिकवण्यात काही नव्हतंच.

आजीचाही यात दोष काढू नका. तिचा हिशेब तिच्या अनुभवाला धरूनच होता. काढा आटवला की त्याचा गुण वाढतो, हे तिने जन्मभर पाहिलेलं. चहा कडक केला की तरतरी येते. मग औषध थोड्या पाण्यात केलं तर ते लवकर लागू पडेल, असंच तिला वाटणार. आणि दोन वर्षांचं आजारी पोर लिटरभर पाणी पिणार कसं, ही शंकाही तिच्या दृष्टीने रास्तच होती.

त्या रात्री मी हिशेब मांडून पाहिला. त्या काळच्या पुडीत साडेतीन ग्रॅम मीठ आणि वीस ग्रॅम ग्लुकोज असे, शिवाय थोडे पोटॅशिअमचे व इतर क्षार. त्यांच्या घरचा गडू जेमतेम पाव लिटरचा, हे आम्ही पुढे मोजून पाहिलं. म्हणजे द्रावण चौपट संहत झालं. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ असायला हवं, तिथे ते लिटरला चौदा ग्रॅम पडलं. दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं आणि समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. ग्लुकोजही लिटरला वीसच्या जागी ऐंशी ग्रॅम. पुडी तीच, औषध तेवढंच. आणि तरीही पोराच्या पोटात गेलं ते दुसरंच काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन म्हटलं, “द्रावणाचा पाठ आपण पुन्हा करणार आहोत. या वेळी वह्या नकोत. येताना घरून पेले आणा.”

सुरुवात कोकम सरबताने केली. प्रयोगशाळेतल्या भांड्यांतून कधीही काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम मुलांना माहीत होता. म्हणून भांडी घरची, पाणी उकळून गार केलेलं आणि जागा वर्गातली. एका जगमध्ये आगळ, साखर, पाणी घालून सरबत केलं. त्यातलं थोडंसं एका लहान पेल्यात ओतलं आणि विचारलं, “या पेल्यातलं सरबत जगमधल्यापेक्षा कमी गोड असेल, जास्त गोड असेल, की तेवढंच?”

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण निम्म्याहून जास्त हात ‘कमी गोड’ला वर झाले. कारण विचारलं तर उत्तर तयार: “पेल्यात साखर थोडीच आली ना, सर!” मुलं रोज सरबत पितात, रोज चहा पितात. कपातला चहा किटलीतल्यापेक्षा अगोड नसतो, हे त्यांच्या जिभेला माहीत आहे. पण ‘विज्ञानाचा’ प्रश्न म्हटला की जीभ बाजूला राहते आणि डोकं फक्त साखर मोजू लागतं. तोच विचार आजीच्या घरी झाला होता, फक्त उलट्या बाजूने. तिथे पुडी मोजली गेली, पाणी नाही.

मग चाखून झालं. दोन्ही सारखंच गोड. वर्गात थोडी कुजबुज झाली. त्यानंतर दोन सारखे पेले घेतले. एकात पेलाभर पाणी आणि एक चमचा साखर, दुसऱ्यात अर्धा पेला पाणी आणि एक चमचा साखर. “साखर कशात जास्त?” “दोन्हींत सारखी.” “गोड कोणतं?” “अर्ध्या पेल्यातलं.” मग मी पहिल्या पेल्यातलं अर्धं पाणी ओतून टाकलं. आता दोन्ही पेले अर्धे. आता गोडी सारखी झाली का? इथे बराच वाद झाला. शेवटी चव घेऊन ठरलं की नाही झाली. ओतून दिलेल्या पाण्याबरोबर साखरही गेली. द्रावण कमी झालं, पण होतं तेवढंच गोड राहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, “सर, तुम्ही किती घातलं ते विचारता. कितीत घातलं ते विचारा.”

मी दोन तास खर्चून जे शिकवलं नव्हतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. फळ्यावर मी व्याख्येऐवजी दोनच शब्द लिहिले, ‘कितीत किती’. पुढची कितीतरी वर्षं ते दोन शब्द त्या शाळेत संहतीचं टोपणनाव म्हणून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोटॅशिअम परमँगनेट काढलं. ते जांभळे स्फटिक तुम्ही पाहिले असतील. एक ग्रॅम स्फटिक एक लिटर पाण्यात विरघळवले की इतकं गडद जांभळं द्रावण होतं की पलीकडचं काही दिसत नाही. त्यातलं एक मिलिलिटर घ्यायचं, त्यात नऊ मिलिलिटर पाणी घालायचं. संहती एक दशांश झाली. या नव्या द्रावणातलं पुन्हा एक मिलिलिटर घेऊन त्यात नऊ मिलिलिटर पाणी. पुन्हा एक दशांश. अशा नळ्या ओळीने मांडत गेलो. गडद जांभळा, जांभळा, मग गुलाबी. चौथ्या नळीत लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग एवढंच परमँगनेट उरतं. ती नळी बाजूने पाहिली तर नुसतं पाणीच वाटतं. पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून पाहिलं की किंचित गुलाबी छटा दिसते. पाचवीत तीही दिसत नाही.

“पाचव्या नळीत परमँगनेट आहे की नाही?” असं विचारल्यावर मुलं विचारात पडली. आपणच घातलं, मग गेलं कुठे? दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, एवढं त्यांना पटलं. ही गोष्ट किरकोळ नाही. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचंच घ्या. भारतीय मानकानुसार ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड. त्याच्या फार वर गेलं आणि ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर आधी दातांवर डाग पडतात आणि मग हाडांवर परिणाम होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे सोसलेलं आहे. त्या पाण्याला रंग नाही, वास नाही, वेगळी चव नाही. दहा लाखांत एक आणि दहा लाखांत चार यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, शरीराला कळतो.

तिसऱ्या दिवशी बटाटे आणले. माझ्या मुख्य प्रश्नाकडे मला अजून यायचं होतं. चौपट संहत द्रावणाने पोराला बाधलं का? सोललेल्या बटाट्याचे सारख्या लांबीचे, पेन्सिलीएवढे जाड काप केले आणि ते तीन पेल्यांत टाकले. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात शंभर मिलिलिटरला एक ग्रॅम मीठ. तिसऱ्यात शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम. दोन तासांनी काप बाहेर काढले. साध्या पाण्यातला काप ताठ झाला होता, वाकवू लागलं तर कट्‌कन मोडत होता. मधल्या पेल्यातला जवळपास होता तसाच. तिसऱ्यातला मात्र लुळा पडला होता. बोटावर घेतला तर दोन्ही टोकं खाली लोंबत होती. पट्टी लावून पाहिलं तर तो आखूडही झाला होता.

“त्याच्यातलं पाणी कुठे गेलं?” एका मुलीने चटकन सांगितलं, “लोणच्याच्या कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं.” बरोबर. पेशींभोवतीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तसं करू शकत नाही. त्यामुळे बाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा संहत असेल तर पाणी बाहेर ओढलं जातं, आणि बाहेरचं विरल असेल तर ते आत शिरतं. यालाच परासरण म्हणतात. काकडीची कोशिंबीर मीठ घालून ठेवली की तिला पाणी सुटतं, आणि मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, ती हीच गोष्ट.

आतड्याची आतली बाजूही अशीच, जिवंत पेशींची. तिथे गरजेपेक्षा फार संहत द्रावण गेलं, तर पाणी आत शोषलं जाण्याऐवजी शरीरातलं पाणीच आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात. त्यात जे मीठ शोषलं जातं, त्याने रक्तातल्या सोडिअमचं प्रमाण वाढतं, मूल तहानेने कासावीस होतं, गुंगीत जातं, झटकेही येऊ शकतात. उलट द्रावण फार विरल केलं, एक पुडी दोन-तीन लिटर पाण्यात कालवली, तर जुलाबावाटे गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत. म्हणजे दोन्हीकडे दरी, आणि मधून जाणारी पायवाट बरीच अरुंद. लुळा पडलेला बटाट्याचा काप हातात घेऊन ती मुलगी बराच वेळ बसली होती. मी काही बोललो नाही.

या पुडीचा इतिहास मी मुलांना त्याच दिवशी सांगितला. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडिअम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांना असं द्रावण तोंडाने देऊन दाखवलं. पण त्याची खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते आणि बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातलं होतं. सलाइनच्या बाटल्या पुऱ्या पडेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बाजारात मिळणारं ग्लुकोज, साधं मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पिशव्या भरून घेतल्या. लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. हे मिश्रण पिंपांतल्या पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजलं. शंभरात तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण या उपचाराने चारच्याही खाली आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

या साऱ्यात शास्त्र मोठं आहेच. पण मला शिक्षक म्हणून जास्त मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघर जाऊन आयांना हे द्रावण करायला शिकवलं. पुड्या सगळीकडे पोहोचत नव्हत्या, म्हणून घरचंच माप घेतलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. सुमारे एक कोटी वीस लाख घरांपर्यंत त्यांच्या कार्यकर्त्या पोहोचल्या. विशेष म्हणजे शिकवून झाल्यावर काही दिवसांनी दुसरं कुणी त्या घरी जाई, आईला द्रावण करायला सांगे आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. शिकवणारीचा मोबदला आईला किती आलं त्यावर ठरे. तिने किती घरं केली, एवढ्यावर भागत नसे. आमच्या घटक चाचणीत असं काही नव्हतं. मी वहीतली व्याख्या तपासली होती. कुणाच्या घरचं द्रावण तपासलं नव्हतं.

म्हणून चौथा दिवस भांड्यांचा. प्रत्येकाने घरून एक भांडं आणायचं, ज्यात घरी औषध कालवलं जाईल असं. तांबे आले, गडू आले, पितळेची फुलपात्रं, ॲल्युमिनियमचे टोप, एकाने तर कळशीच आणली. आमच्याकडे शंभर मिलिलिटरचं एकच मोजपात्र. ते दहा वेळा भरून ओतलं की एक लिटर. ‘तांब्याभर म्हणजे लिटरभर’ असं बहुतेकांच्या घरी धरलेलं होतं. बारा तांबे मोजले, त्यांतला एकच लिटरच्या आसपास निघाला. काही पाऊण लिटरचे, काही सव्वा लिटरचे. या मुलीच्या घरचा गडू पाव लिटरचा. तिने तो पालथा घालून बाजूला ठेवला आणि टोप पुढे ओढला. दहा मापं पाणी ओतलं, पाण्याची पातळी जिथे आली तिथे आतल्या बाजूने खिळ्याने आडवी रेघ मारली. मग वर्गातल्या सगळ्यांनीच आपापल्या भांड्याला तशी रेघ मारून घेतली. रेघेखाली काय लिहायचं, यावर चर्चा झाली. शेवटी कुणी ‘१’ कोरला, कुणी नुसताच ठिपका दिला.

त्या रेघा घराघरांत गेल्या. पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी एका मुलाचे वडील मला वाटेत भेटले. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करायची पद्धत आपल्याकडे कृषी खातं पूर्वीपासून सांगत आलं आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचं द्रावण. त्यात बियाणं टाकलं की पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. खाली बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. हे गृहस्थ वर्षानुवर्षं मीठ मापून घेत आणि पाणी मात्र हाताला लागेल त्या बादलीने. पाणी कमी पडलं की चांगलं बियाणंही वर येई आणि फेकलं जाई. जास्त झालं की पोचट दाणे खाली राहून जात. “पोरगा बादलीला रेघ मारून बसलाय,” ते म्हणाले. तक्रार होती की कौतुक, ते मला नीट कळलं नाही. पण मीठ तेच आणि बियाणं तेच असून दरवर्षी निकाल वेगळा का, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

आता थोडं आजच्याविषयी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये जलसंजीवनीचं सूत्र बदललं. आधीचं द्रावण थोडं अधिक संहत होतं. ते विरल केलं तर जुलाब आणि उलट्या कमी होतात आणि शिरेतून सलाइन लावायची वेळही कमी मुलांवर येते, असं अभ्यासांत दिसलं होतं. आता एक लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडिअम सायट्रेट असं मिळून साडेवीस ग्रॅमचं मिश्रण असतं. म्हणजे या विषयातल्या जाणकारांनाही इतक्या वर्षांनंतर जे बदलावंसं वाटलं, ते औषधांमधलं ‘कितीत किती’च होतं.

दुकानात लहान पुड्याही मिळतात, त्या दोनशे मिलिलिटर पाण्यासाठी असतात. तेव्हा पुडीवर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा आणि तेवढंच घ्या. पुडी अर्धी करून अर्ध्या पाण्यात कालवू नका. आतले क्षार सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच, याची खात्री नसते. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पण द्रावण झाल्यावर ते उकळू नका. पाणी वाफ होऊन गेलं की संहती वाढते. मूल लिटरभर पिणार नाही, ही आजीची शंका खरी आहे. पिऊ देऊ नकाच! थोडं थोडं, चमच्याने किंवा वाटीने पाजा आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. चार आण्यांचं मीठ-साखर वाया गेलं म्हणून हळहळू नका.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव पाहा, ती आपल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. बाजारात गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरं बरीच वर्षं झळकत होती. त्या पेयांत साखर नको तेवढी आणि क्षार हवेत त्याहून कमी, अशी डॉक्टरांची तक्रार होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली. म्हणून घेताना औषधाच्या दुकानातून सूत्र वाचून घ्या. आणि मूल फार मलूल असेल, पीत नसेल, लघवी होत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

त्या वर्षानंतर मी हा पाठ पुन्हा कधी व्याख्येपासून सुरू केला नाही. आधी सरबत, मग जांभळ्या नळ्या, मग बटाटा, मग भांडी, आणि सगळ्यांत शेवटी व्याख्या. चार तास जास्त लागत. पाठ्यक्रम पुरा होत नाही म्हणून बोलणीही खाल्ली.

निवृत्त होण्याच्या आधी एकदा मी त्या मुलीच्या घरावरून जात होतो. ती लग्न होऊन सासरी गेली होती. पडवीत आजी बसली होती, खूप थकलेली. चहा झाल्यावर मी सहज तो टोप आहे का म्हणून विचारलं. म्हातारीने मानेनेच नाही म्हटलं आणि म्हणाली, “तो ती घेऊन गेली. नवा देत होतो, तर नको म्हणाली. रेघेचाच हवा म्हणे.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)